मॅपलच्या शेजारचं लाकूड

साधारण १९९० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत सजवलेली अमेरिकेतली स्वयंपाकघरं एका नजरेत ओळखता येतात. भिंतीवर आणि ओट्याखाली फिक्या मधाच्या रंगाची कॅबिनेट्स, गुळगुळीत, अंगावरची रेषा फारशी न दाखवणारी. ते मॅपल. त्याच्या आधीच्या पिढीने ओक लावला, नंतरच्या पिढीने सगळं पांढऱ्या रंगात बुडवलं. मधल्यांचं मॅपल अजून घरोघर मजेत उभं आहे, कारण हे लाकूड झिजायचं नावच घेत नाही.

बॉस्टनच्या पश्चिमेला आमचं घर आहे, त्यातलं स्वयंपाकघर असंच. ते नव्याने करायचं ठरलं तेव्हा पहिल्याच ठेकेदाराने कॅबिनेट्स उखडून टाकून द्यायचा भाव सांगितला. धडधाकट लाकूड फेकायला वर पैसे मोजायचे, हे माझ्या सांगलीकर डोक्यात बसेना. कॅबिनेट्स राहिली. मग भर घालायची ती तीन ठिकाणी: मधोमध एक आयलंड म्हणजे चारी बाजूंनी मोकळा ओटा, खिडकीलगत उघड्या फळ्या आणि कोपऱ्यात देव्हारा. तिन्ही मी स्वतःच करणार होते. गराजमध्ये करवत आहे, रंधे आहेत, शनिवार-रविवारचा हा माझा जुना नाद आहे. प्रश्न लाकडाचा होता.

मॅपलला मॅपलच का जोडू नये, हे सगळ्यात आधी डोक्यात येतं. जुन्या दाराला नवीन मॅपलचा तुकडा लावून पाहा, लगेच कळतं. नवं मॅपल जवळजवळ दुधी असतं. जुनं वर्षानुवर्षांचा उजेड आणि वरचं पॉलिश पिऊन पिवळसर झालेलं असतं. दोन्ही एकाच झाडाचे असले तरी शेजारी ठेवल्यावर काळा कोट एका दुकानातून आणि काळी पँट दुसऱ्या दुकानातून घेतल्यासारखं दिसतं. फरक थोडासाच, आणि म्हणूनच डोळ्यात खुपणारा. स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, लावून नव्याला जुन्याच्या रंगावर आणावं म्हटलं तर मॅपल रंग सारखा पीत नाही, ठिकठिकाणी डाग उठतात. तेव्हा जुळवायचा नाद सोडावा आणि सरळ वेगळं दिसणारं लाकूड घ्यावं. वेगळं म्हणजे इतकं वेगळं, की कुणाला वाटू नये जुळवायला गेले होते आणि जमलं नाही.

बाबांना फोनवर सांगितलं तर ते आधी मॅपलवरच घसरले. "तुमच्याकडे ते पांढरं लाकूड कसलं गं लावतात? आपला सुतार असला पांढरा भाग तासून फेकून देतो. कीड धरते त्याला."

बाबांचं सागाच्या हिशेबाने बरोबर आहे. सागात मोल गाभ्याला. सालीलगतचं पांढरं लाकूड आलं की गिऱ्हाईक नाक मुरडतं. शुगर मॅपलचं उलटं. ज्या पांढऱ्या भागातून वसंताच्या तोंडावर गोड रस चढतो आणि चाळीसेक लिटर रस आटवून लिटरभर सिरप होतं, तेच पांढरं लाकूड इथे उत्तम मानतात. मधला तपकिरी गाभा आला की भाव उतरतो. लाकडाच्या प्रतवारीत शुभ्र मॅपलचा वर्गच वेगळा आहे. पांढरं म्हणून ते लेचंपेचंही नाही. लाकडात पोलादी गोळी अर्धी रुतवायला किती जोर लागतो यावरून कठीणपणा मोजतात, त्याला जान्का म्हणतात. साग हजार पौंडांच्या आसपास, हार्ड मॅपल, म्हणजे हेच शुगर मॅपल, १,४५०. बास्केटबॉलची मैदानं, बोलिंगच्या लेन, खाटकाचे ठोकळे, सगळीकडे मॅपल त्यामुळेच. (आमच्या बॉस्टनच्या सेल्टिक्स या बास्केटबॉल संघाचं मैदान तेवढं ओकच्या चौकटींचं आहे, ती परंपरा १९४६ पासूनची. इथल्या माणसाला मॅपलची थोरवी सांगायला जावं तर तो हे हटकून ऐकवतो.)

रंगाच्या आधी मी छिद्रांकडे पाहायला शिकले, आणि ते शिकवलं घरच्या पोळपाटाने. आजीकडून आईकडे आणि आईकडून माझ्याकडे आलेला शिसवी पोळपाट आहे, जवळजवळ काळा, जांभळट झाक असलेला. पोळ्या झाल्यावर तो पुसला तरी त्याच्या अंगावर बारीक पांढरे ठिपके आणि तुटक रेघा राहतात. ते शिसवाच्या छिद्रांत बसलेलं पीठ. शेजारचा मॅपलचा कटिंग बोर्ड मात्र एका फडक्यात स्वच्छ. मॅपललाही छिद्रं आहेत, पण इतकी बारीक आणि इतकी सारखी विखुरलेली की डोळ्यांना दिसत नाहीत. ओकची गोष्ट तिसरीच: त्याची मोठी छिद्रं वर्षावर्षाच्या वलयात रांगेने बसतात, म्हणून ओकवर बोट फिरवलं की चर लागतात.

मॅपलशेजारी ओक मला म्हणूनच कधी पटला नाही. सध्या व्हाइट ओकची चलती आहे, आणि तो एकटा असला तर सुंदरच दिसतो. पण जुन्या मॅपलजवळ आला की रंग जवळपास तोच आणि पोत मात्र पार उलटा. एक चोपडं, एक चरबरीत, दोन्ही पिवळट. साग लावायचा मोह झाला नाही असं नाही; बाबांनी तर तोच हट्ट धरला होता. पण सागाचा सोनेरी तपकिरी आणि पिकलेल्या मॅपलचा मधाळ रंग यांत अंतर पुरत नाही. शिवाय इथे मिळणाऱ्या सागात ब्रह्मदेशी सागाचा बोलबाला असायचा. २०२१ साली अमेरिकेने तिथल्या सरकारी लाकूड कंपनीवर निर्बंध घातल्यापासून, फळी कुठून आली हे विचारणं भाग झालं आहे. आणि शिसव? २०१७ पासून शिसवाचं अख्खं कूळ आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या संरक्षित यादीत आहे. देव्हाऱ्यापुरतं लाकूड मिळालंही असतं, पण कागदपत्रांच्या फेऱ्यात देव उभेच राहिले असते.

वखारीत गेलं की दुकानदार विचारायच्या आत उत्तर देतो: वॉलनट. अमेरिकन काळ्या अक्रोडाचं लाकूड. मॅपलला वॉलनट म्हणजे इथे वरणाला भातच. आमच्या वखारीतल्या म्हाताऱ्याने रांगेतली एक जाड फळी ओढून काढली, हातातल्या बाटलीने पाण्याचा फवारा मारला आणि बाजूला झाला. कोरडी असताना धुरकट करडी दिसणारी ती फळी क्षणात गडद चॉकलेटी झाली, आणि तिच्यात कडेकडेने जांभळट छटा उमटल्या. पॉलिश केल्यावर लाकूड कसं दिसेल ते पाहायची ही सोपी युक्ती आहे. कुठल्याही वखारीत फळी ओली करून दाखवा म्हणायला संकोच करू नये. ती जांभळट झाक हवेवर वाळवलेल्या वॉलनटमध्येच टिकते. मोठ्या गिरण्या ते वाफवतात, म्हणजे सालीजवळचा पांढरा भागही तपकिरी होऊन माल एकसारखा दिसतो आणि जास्त फळी खपते. रंग सारखा होतो, पण जिवंतपणा जातो. दोन्ही प्रकार शेजारी पाहिल्याशिवाय ते पटत नाही.

परदेशी लाकडांच्या कप्प्याकडेही पाऊल वळतंच. पर्पलहार्ट कापल्या कापल्या मळकट असतं आणि उजेड-हवा लागली की चक्क जांभळं होतं. आफ्रिकेतलं वेंगे जवळजवळ काळं. त्याच्या कुसळा बोटात गेल्या की पिकतात, आणि ते झाड आता धोक्यातल्या जातींत मोडतं. पडौक तर आपल्या रक्तचंदनाचा आणि बिबळ्याचा भाऊबंद, कापताना शेंदरी भुकटी उडते. बिबळ्याच्या पेल्यात रात्री पाणी ठेवलं की सकाळी ते तपकिरी होतं, हे कोकणात अनेकांनी पाहिलं असेल. रंग सोडायची ती खोड पडौकमध्येही आहे. मॅपलला पडौकची पट्टी चिकटवून पॉलिशपेपर मारायला घेतला, की लाल भुकटी मॅपलच्या अंगात शिरते आणि पांढऱ्यावर गुलाबी फराटा उठतो. तिथे पॉलिशपेपर बाजूला ठेवून पातळ पोलादी पातीने खरवडावं लागतं, किंवा आधी मॅपलला शेलॅकचा, म्हणजे आपल्या लाखेचा, एक पातळ हात द्यावा लागतो. वॉलनटबाबत हेच उलट्या दिशेने घडतं: मॅपलची पांढरी भुकटी वॉलनटच्या छिद्रांत जाऊन बसते, अगदी पोळपाटातल्या पिठासारखी.

पण ही भडक लाकडं मी घेतली नाहीत त्याचं कारण भुकटी नव्हे. पर्पलहार्टचा जांभळा आणि पडौकचा शेंदरी, दोन्ही उन्हात काही वर्षांत तपकिरी होतात. ज्या रंगासाठी पैसे मोजले तोच निघून जातो. आणि एकदा हे कळलं, की मग प्रत्येक लाकडाला तोच प्रश्न विचारावासा वाटतो: आज कसा दिसतोस ते दिसलं, पुढे कसा दिसशील?

मासिकांत आणि दुकानांच्या शोरूममध्ये हा प्रश्न कुणी विचारत नाही. तिथे मॅपल आणि वॉलनटचे ताजे तुकडे शेजारी लावलेले असतात, दूध आणि कॉफी. प्रत्यक्षात मॅपल वर्षागणिक गडद होत जातं आणि वॉलनट उजेडात फिकं होत जातं, खिडकीजवळ तर लवकरच. गडद चॉकलेटी जाऊन मधाळ तपकिरी येतो. म्हणजे दोन्ही लाकडं एकमेकांकडे चालत येतात. पूर्ण भेटत नाहीत, अंतर राहतं, पण पहिल्या दिवशीचं ते अंतर नव्हे.

चेरीचं उलटं आहे. चेरी म्हणजे इथल्या जंगलातली काळी चेरी, तिचं ताजं लाकूड फिकट गुलाबी. मॅपलच्या शेजारी ठेवलं तर नवखा माणूस म्हणेल, यात कसला आलाय विरोध? पण चेरीइतक्या झपाट्याने उन्हात रापणारं दुसरं लाकूड मला माहीत नाही. मी चेरीची एक पट्टी अर्धी ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून दक्षिणेकडच्या खिडकीत ठेवली. शेजारी तशाच वॉलनटच्या आणि नव्या मॅपलच्या पट्ट्या. काही आठवड्यांनी फॉइल सोडली तेव्हा चेरीवर सुरीने आखल्यासारखी रेघ होती: एकीकडे गुलाबी, दुसरीकडे विटकरीकडे झुकलेला लालसर तपकिरी. मॅपलवरची रेघ तिरपं धरून पाहावी लागत होती. वॉलनटचा उघडा भाग किंचित उतरला होता.

त्या तीन पट्ट्यांनी माझा बेत बदलला. मॅपल गडद होणार हे नक्की, पण सावकाश. चेरीही त्याच दिशेने जाते, फक्त कितीतरी पुढे. म्हणजे चेरी मॅपलजवळून निघते आणि लांब जात राहते. पहिल्या दिवशी कमी विरोध, पाचव्या वर्षी भरपूर. पाहुण्यांना दाखवायला स्वयंपाकघर करायचं असेल तर वॉलनट घ्यावं. त्यात राहायचं असेल तर चेरीचा विचार करावा, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. वखारीतल्या म्हाताऱ्याला ते मान्य नाही. त्याच्या मते चेरी हे आजोबांच्या घरातलं लाकूड.

आजोबांच्याच काय, पणजोबांच्याही. ही जोड्या लावायची हौस या भागात दोनशे वर्षांची आहे. बॉस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये थॉमस सेमूर या फर्निचर-कारागिराने १८०९ साली बॉस्टनजवळच्या सेलम गावच्या धनाढ्य डर्बी घराण्यातल्या एलिझाबेथसाठी केलेलं एक अर्धगोल कपाट आहे. महोगनी आणि बर्ड्सआय मॅपल, म्हणजे ज्यात चिमणीच्या डोळ्यांएवढे ठिपके असतात ते मॅपल, आणि वर अर्धवर्तुळात पंख्यासारख्या पसरलेल्या व्हिनिअरच्या, म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्याच्या, पट्ट्या. मी त्याच्यापुढे बराच वेळ उभी होते. मला त्यातली कारागिरी थक्क करते, आवडते असं मात्र म्हणवत नाही. त्यात प्रत्येक लाकूड 'माझ्याकडे बघा' म्हणतं.

मनाला पटतो तो जॉर्ज नाकाशिमाचा मार्ग. हा जपानी-अमेरिकन वास्तुविशारद १९३०च्या दशकाच्या शेवटी पाँडिचेरीला अरविंदाश्रमाच्या गोलकोंद या वसतिगृहाच्या बांधकामावर होता, पुढे अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइनच्या राष्ट्रीय संस्थेसाठीही त्याने फर्निचर आखलं. वॉलनटच्या अखंड फळ्यांना तडा गेलेला असला तर तो लपवत नसे. तड्यावर दुसऱ्या लाकडाचं, पुष्कळदा शिसवाचं, फुलपाखराच्या आकाराचं कुलूप बसवी. तडा पुढे जात नाही आणि डोळ्यालाही तिथे थांबायला जागा मिळते. फेंडर कंपनीच्या जुन्या इलेक्ट्रिक गिटारी पाहिल्यात? मॅपलच्या मानेवर मागच्या बाजूने वॉलनटची एक काळसर पट्टी जाते. ती शोभेची नाही. मानेत लोखंडी दांडी मागून घालावी लागे, आणि ती खाच बुजवायला वॉलनट वापरलं. वेगळ्या लाकडाला काहीतरी काम असलं, की ते उपरं वाटत नाही.

आमच्या स्वयंपाकघरात कामाची वाटणी फोडणी ठरवते. शेगडीजवळच्या मॅपलच्या दारांवर हिंग-मोहरी आणि तेलाचा पातळ थर बसतो, हळदीचे बोटांचे ठसे उमटतात. हळदीचा रंग उजेडात विरतो हे साडीवर डाग पडलेल्या प्रत्येकीला ठाऊक आहे, म्हणून खिडकीकडची दारं आपोआप बरी होतात. शेगडीकडची अंधारी दारं होत नाहीत. कणीक मळायची, भाजी चिरायची, डबे भरायचे ती जागा आता आयलंड होणार, म्हणजे सगळे हात तिथे लागणार. तिथे डाग पोटात घेणारं लाकूडच हवं. चेरी मॅपलपेक्षा मऊ आहे, जान्का ९५०, तवा आपटला तर खोच पडेल. पडू दे. वरच्या फळीवर जवसाच्या तेलाचे हात दिले आहेत; खोच पडली की घासून पुन्हा तेल लावता येतं, पॉलियुरेथेन या प्लास्टिकसारख्या पॉलिशचा निघतो तसा पापुद्रा निघत नाही.

जोडकामात एक पथ्य पाळलं. लाकूड आडवं फुगतं-आकसतं आणि प्रत्येकाचा वेग निराळा. ओलं लाकूड पूर्ण सुकेपर्यंत मॅपल वलयांच्या दिशेने ९.९ टक्के आकसतं, चेरी ७.१ आणि वॉलनट ७.८. वाळलेल्या फळीत एवढी हालचाल नसते, पण न्यू इंग्लंडमध्ये उन्हाळ्यात दमट हवा आणि हिवाळ्यात हीटिंगने कोरडी ठणठणीत, त्यामुळे फळ्या वर्षभर श्वास घेतल्यासारख्या हलतात. जानेवारीत आमच्या मॅपलच्या दारांमध्ये, चौकटीच्या आतल्या फळीच्या कडेला, पॉलिश न लागलेली एक बारीक फिकी रेघ उघडी पडते. उन्हाळ्यात ती चौकटीत परत जाते. एवढी हालचाल करणाऱ्या रुंद फळीवर दुसरं लाकूड आडवं चिकटवलं तर कधी ना कधी तडकणारच. म्हणून आयलंड अख्खं चेरीचं ठेवलं आणि मॅपलशी त्याची गाठ कुठेच घातली नाही. दोघांमध्ये चालायला वाट आहे, ती पुरे. त्याच हिशेबाने खिडकीलगतच्या फळ्याही चेरीच्या. तिथे ऊन आहे, पिकायला हवं तेवढं. पहिला उन्हाळाभर त्यांच्यावर काहीच मांडायचं नाही असा घरात नियम केला होता, नाहीतर बरणी उचलल्यावर खाली गोल गुलाबी चकती दिसली असती. नियम नवऱ्याने मोडला. चहाच्या डब्याखालची चकती हळूहळू भरून येते आहे.

राहिला देव्हारा. तिथे मात्र वॉलनट, आणि ते हवेवर वाळवलेलं. कोपऱ्यात ऊन पोचत नाही, त्यामुळे फिकं पडायची घाई होणार नाही. निरांजनाची काजळी आणि तेलाचा हात गडद लाकडावर दिसत नाही. पितळेचा बाळकृष्ण मॅपलपुढे पार हरवून गेला असता. पिवळ्यावर पिवळं. वॉलनटपुढे तो दारातून दिसतो. रंध्याखालचा वॉलनटचा कीस मात्र मी कढीपत्त्याच्या कुंडीत घातला नाही. या झाडात असं काहीतरी असतं की त्याचा कीस घोड्यांच्या पागेत अंथरला तर घोडे लंगडतात, आणि परदेशात जगवलेल्या कढीपत्त्यावर प्रयोग करायची माझी छाती नाही.

आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "छान झालाय गं, पण काळोख वाटतो. आत दिवा लाव." दिवा लावला, पिवळट उजेडाचा, पांढऱ्या एलईडीत वॉलनट मेल्यासारखं करडं दिसतं. आणि देव्हाऱ्याखालचा खण आतून मॅपलचा केला. जुने सुतारही खणांना आतून फिकं लाकूड वापरत. पहाटे चष्मा न लावता कुंकवाची डबी आणि काडेपेटी सापडायला हवी ना.